बंद बटणाचा मिणमिणता बल्ब

मी घरोघरी वायरिंगची कामं करते, पण आज सुरुवात माझ्याच घरापासून करते.

सासूबाई दोन महिने सांगत होत्या, "अगं, न्हाणीघरातला बल्ब बटण बंद केलं तरी मिणमिणतोय बघ." मी म्हणायचे, "एलईडी आहे आत्या, असू दे." एक दिवस तो बल्ब गेला. आत्यांनी बटण बंद केलं, ओल्या हातानं बल्ब काढायला गेल्या आणि झटका बसून मागं पडल्या. मनगट मोडलं, जीव वाचला. होल्डर उघडून बघितला, तर बटण फेजवर नव्हतंच, न्यूट्रलवर जोडलेलं होतं. बटण बंद केलं की उजेड जायचा, पण करंट होल्डरात तसाच उभा असायचा.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. न्हाणीघरात बटणावर भरवसा ठेवायचा नाही. बल्ब बदलायचा असो की हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा पुसायचा असो, आधी घरचा मेन स्विच बंद करायचा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, खाली लाकडी स्टूल.

न्हाणीघरातच बिघाड जास्त का होतो? आपल्याकडं खूप घरांना न्हाणीघर मागाहून जोडलेलं असतं. वायर स्वयंपाकघरातून ओढलेली, मध्ये जोड, त्यावर चिकटपट्टी. त्यात वाफ आणि बोअरचं क्षाराचं पाणी. ओल जोडात शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो, जोड ढिला पडून तापायला लागतो.

आता दुखणं ओळखायचं कसं ते ऐका.

बटण बंद असूनही बल्ब मिणमिणतो? बटणात बारीक लाल दिवा असेल तर त्यामुळंही असं होतं. नसेल तर जोडणी उलटी असू शकते किंवा ओल शिरलेली असू शकते. वायरमनकडून तपासून घ्या.

पंखा लावला की बल्ब लुकलुकतो? कुठंतरी जोड ढिला असावा.

पंखा नुसता घूं घूं करतो, फिरत नाही? मेन बंद करून पातं हातानं फिरवून बघा. जड फिरलं तर धूळ आणि तेलकट मळ साफ करा. हलकं फिरलं तर बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो. त्याला हात लावू नका, वीज बंद असली तरी त्यात करंट साठून राहतो.

बोर्डातून चरचर आवाज, जळका वास, नळाला किंवा ओल्या भिंतीला झिणझिण्या? लगेच मेन बंद करा आणि वायरमन येईपर्यंत लावू नका. मेन आपोआप पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा चढवू नका. फ्यूज उडाला म्हणून जाड तार घालू नका. वायर पेटेल.

आणखी एक. एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं समजू नका. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. 230 व्होल्टची वीज अंगातून जमिनीत जायला लागली, की ती पापणी लवायच्या आत वीज तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, ती पडली पाहिजे.

वायरमन परवान्याचाच बोलवा आणि त्याला चार गोष्टी विचारा : बटण फेजवर आहे ना? अर्थिंग आहे ना? बोर्ड न्हाणीघराच्या बाहेर घेता येईल का? आरसीसीबी कधी बसवणार? बिघाड घरातला नसून खांबावरचा किंवा मीटरचा असेल, तर महावितरणच्या 1912 वर तक्रार नोंदवा.

आणि कुणाला करंट लागलाच, तर त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या काठीनं वायर बाजूला करा, मग दवाखाना गाठा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला, की एकमेकींना विचारा, "तुमच्या न्हाणीघरातला बल्ब बंद केल्यावर पूर्ण विझतो का?" आत्यांनी मला दोन महिने हेच सांगितलं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी ऐका.