रांग नसलेले कामगार



गिरणगावात संघटना बांधणाऱ्या कार्यकर्त्याला कामगार शोधत हिंडावे लागत नसे. पाळी सुटली की हजारो माणसे एका दरवाजातून बाहेर पडत. त्यांतील कित्येक एकाच गावचे, एकाच खोलीत वळकटी टाकणारे, एकाच खानावळीत जेवणारे. 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले ते नेत्याच्या हाकेला, हे खरे. परंतु उपासमारीतही ते टिकून राहिले, त्यात ह्या सोबतीचा वाटा मोठा होता.

मार्च 2020 पासून संगणक-उद्योगातील नोकरदार घरी बसून काम करू लागला. हिंजवडीच्या रस्त्यावर वाया जाणारे तास वाचले, तान्हे मूल असलेल्या स्त्रीची नोकरी टिकली. ह्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण चहाच्या टपरीवरील दहा मिनिटेही गेली. ‘तुला पगारवाढ किती मिळाली?’ हा प्रश्न तेथेच विचारला जात असे. मालकाच्या यंत्रणेतून जाणाऱ्या संदेशात तो कोण विचारील? राजीनामा मागितला गेलेल्या माणसाचा पडलेला चेहरा शेजारच्या मेजावरून दिसत असे. आता यादीतून एक नाव नाहीसे होते, इतकेच.

1926 च्या कायद्याने संघटनेच्या नोंदणीस सात जण पुरत. 2001 च्या दुरुस्तीने दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी कमी असेल ती संख्या आवश्यक केली. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती अट आहे. ज्यांनी एकमेकांना पाहिलेलेच नाही, असे शंभर जण जमावेत कसे?

सोलापूरची विडी कामगार स्त्री पिढ्यान्‌पिढ्या घरीच विड्या वळते. 1966 च्या कायद्याने तिलाही कामगार मानले. मात्र तयार विड्या देण्यासाठी आणि पान-तंबाखू घेण्यासाठी तिला कारखान्यात रांग लावावी लागते. कोणाच्या विड्या खराब म्हणून काढल्या, कोणाला पान कमी मिळाले, हे रांगेत कळते. संघटनेचे बीज तेथे पडते. संगणक कामगाराला ती रांगही नाही.

पोर्तुगालच्या 2021 च्या कायद्याने घरून काम करणाऱ्यांचा एकाकीपणा कमी करण्याची जबाबदारी मालकावर टाकली: करारात अन्य मुदत नसेल, तर निदान दोन महिन्यांतून एकदा सहकाऱ्यांशी प्रत्यक्ष भेट. आपल्या मागणीपत्रात हे कलम असावे, आणि भेटीचा वेळ कामाच्या तासांत धरला जावा. तोवर पुण्यातील पक्षशाखांनी शनिवारी संध्याकाळी आपली कार्यालये ह्या नोकरदारांसाठी उघडी ठेवावीत. भाषणे नकोत, चहा असला तरी पुरे.