जिन्याखालची कोठी

घर बांधावयास काढले म्हणजे घरधनी दिवाणखान्याचा विचार करतो, गृहिणी स्वयंपाकघराचा करते, मुले गच्चीचा करतात. जिन्याखालच्या जागेचा विचार मात्र कोणीच करीत नाही. ती जागा कोणी मागितलेली नसते. जिना वर चढत गेला, की त्याच्या पोटाखाली ती आपोआप उरते. आणि आपोआप मिळालेल्या वस्तूची जी गत व्हावयाची तीच तिचीही होते. मोडकी छत्री, एक पाय गेलेले स्टूल, रंगाचे रिकामे डबे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे अशा ज्या वस्तू टाकवत नाहीत आणि लागतही नाहीत, त्या सर्वांना तेथे आश्रय मिळतो. एकदा आत गेलेली वस्तू पुन्हा उजेडात येते ती घराला रंग देताना, नाहीतर घर सोडताना.

दुसरीकडे त्याच घरातली गृहिणी धान्याचे डबे कोठे ठेवावेत या विवंचनेत असते. ओट्याखाली एक पिंप, पलंगाखाली दुसरे, माळ्यावर तिसरे, असा घरातला शिधा चहूकडे विखुरलेला असतो. या दोन गोष्टी एकमेकींशी जोडता येतील काय, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न असा पडत नसे. वाड्यात माजघराला लागून कोठीची खोली असे. भिंतीच्या पोटात बळद असे. त्यात धान्य वरून ओतावयाचे आणि खालच्या तोंडातून काढावयाचे, म्हणजे तळाचे जुने धान्य आधी हाताशी येई. शेतकऱ्याच्या घरी शेणामातीने सारवलेली कणगी असे, आणि जेथे जमीन कोरडी व घट्ट तेथे पेव असे. उतरंडी, शिंकी, कोनाडे, फडताळे ही सारी त्याच कुटुंबातली मंडळी. पुढे शहरांत घरे लहान झाली. ओसरी गेली, माजघर गेले आणि त्यांच्यामागोमाग कोठीही गेली. गहू-तांदूळ मात्र गेले नाहीत. ते अजून दोन्ही वेळेला लागतातच.

जिना आणि कोठार यांचा संबंध तसा नवा नाही. पन्हाळगडावरील अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन प्रचंड कोठ्या आहेत. बाहेरच्या जिन्याने वर चढावयाचे आणि छपरातील भोकांतून धान्य आत सोडावयाचे, अशी गंगा कोठीची योजना होती. पाटण्याचा गोलघरही प्रसिद्ध आहे. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर कॅप्टन जॉन गार्स्टिन याने तो बांधला आणि १७८६ साली तो पुरा झाला. त्याच्या अंगाभोवती १४५ पायऱ्या वळसा घेत माथ्यापर्यंत जातात. या भव्य कोठाराविषयी अशी गोष्ट सांगतात, की त्याची दारे आतल्या बाजूस उघडतात आणि त्यामुळे ते कधी पूर्ण भरता येत नाही. जिन्याखाली लहानशी कोठी करू इच्छिणाऱ्यानेही ही गोष्ट ध्यानात धरावी. दार बाहेर उघडावे, किंवा सरकते असावे. आत उघडणारे दार निम्मी जागा स्वतःच खाऊन टाकते.

आता ही जागा भरते तरी किती, ते पाहू. घरातील पायरी साधारणपणे सात इंच उंच आणि दहा इंच रुंद असते. बारा पायऱ्यांचा सरळ जिना घेतला तर तो सात फूट चढतो आणि दहा फूट लांब जातो. रुंदी तीन फूट धरा. जिन्याची स्वतःची जाडी आणि अगदी टोकाची निरुपयोगी चिंचोळी जागा वजा केली, तरी साठ घनफुटांच्या आसपास पोकळी उरते. एका घनफुटात वीस किलोंहून थोडा अधिक गहू मावतो. पाच माणसांच्या घरात माणशी महिन्याला दहा किलो धान्य धरले, तर वर्षाचे सहाशे किलो होतात. म्हणजे तीस घनफुटांहून कमीच जागा. हा कागदावरचा हिशेब झाला. पिंपांमधल्या फटी, हात घालण्याची वाट, डाळी, तेल, गूळ, लोणच्याच्या बरण्या हे सारे धरले, म्हणजे वर्षाचे नाही तरी सहा महिन्यांचे सामान तेथे सुखाने राहू शकते.

परंतु फळी ठोकण्यापूर्वी जागेची परीक्षा करावयास हवी. पहिली परीक्षा ओलाव्याची. जिना बहुधा तळमजल्यावरून निघतो आणि जमिनीची ओल भिंतीतून वर चढते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंतीचा पोपडा सुटत असेल, किंवा पलीकडे न्हाणीघर असेल, तर प्रथम ती ओल बंद करावी. तोवर तेथे धान्याचा दाणाही ठेवू नये. दमट धान्याला बुरशी येते आणि किडीला तर ओल म्हणजे आमंत्रणच. दिल्लीच्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेने शेतकऱ्यांसाठी मातीची एक कोठी सिद्ध केली. तिच्या दोन भिंतींच्या मध्ये प्लास्टिकचा जाड कागद घालतात, म्हणजे बाहेरची ओल आत शिरत नाही. तेच तत्त्व येथेही लागू आहे. तळाशी असा कागद अंथरून त्यावर चारसहा इंच उंचीची लाकडी घडवंची ठेवावी आणि भिंत व पिंप यांच्यामध्ये निदान चार बोटे अंतर राखावे.

दुसरी परीक्षा धुळीची. जुना लाकडी जिना असेल, तर प्रत्येक पावलागणिक फळ्यांच्या सांध्यांतून धूळ खाली झरते. अशा जिन्याला खालून घट्ट तक्तपोशी करावी. तिसरी परीक्षा उंदराची. बोट शिरेल एवढी फट उंदराला राजमार्गासारखी वाटते. दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी आणि हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांना बारीक तारेची जाळी, एवढे केल्यावाचून कोठीचे दार लावण्यात अर्थ नाही.

चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुधा कोणी करीत नाही. जिना ही नुसती वर जाण्याची वाट नव्हे. संकटकाळी खाली येण्याची वाटही तीच असते. पुष्कळ घरांत विजेचा मीटर आणि मुख्य खटका जिन्याखालीच बसवलेला असतो. तेथे ठिणगी पडली आणि खाली रद्दी, रॉकेल किंवा तेलाचे डबे असले, तर वरच्या मजल्यावर निजलेल्या माणसांची एकुलती एक वाट पेटते. म्हणून मीटर असलेल्या जागी कोठी करूच नये. गॅसचे सिलिंडर तर जिन्याखाली कधीही ठेवू नये. तो वायू हवेहून जड असतो आणि गळला म्हणजे अशा बंदिस्त, खोलगट जागीच साचून राहतो. आणि चाळीतला किंवा इमारतीतला सामाईक जिना असेल, तर त्याखालची जागा कोणा एकाची नसते. ती मोकळी राहण्यातच सर्वांचे हित असते.

या परीक्षांत जागा उतरली, की मग मांडणीचा विचार. ही जागा त्रिकोणी असल्यामुळे तिला चौकोनी कपाटाचा न्याय लावून चालत नाही. पुढून शिरून मागे मागे जावे, तर शेवटच्या डब्यापर्यंत रांगत जावे लागते. म्हणून शक्य असेल तेथे जिन्याच्या बाजूच्या भिंतीतूनच ती उघडावी आणि तिचे तीन भाग करावेत. उंच भागात उभ्याने हात पोचेल अशा फळ्या. तेथे रोजच्या डाळी, पिठे, मसाले. मधल्या भागात, जमिनीलगत, धान्याची पिंपे. ठेंगण्या भागात चाके लावलेले लाकडी खण. ते ओढले की सगळे बाहेर येते आणि कोणाला आत डोके घालावे लागत नाही. पिंपांनाही चाकांची पाटी द्यावी. सणावाराची भांडी, पाटावरवंटा असे क्वचित लागणारे सामान शेवटच्या कोपऱ्यात.

मांडणी करणारा सुतार असतो, जागा दाखवणारा घरधनी असतो, आणि दिवसातून दहा वेळा तेथे वाकणारी बहुधा निराळीच व्यक्ती असते. म्हणून फळीची उंची ठरवताना सुताराच्या पट्टीआधी तिचा हात मोजावा. घरात सासूबाई किंवा आजी डाळ काढीत असतील, तर त्यांच्या गुडघ्यांचाही विचार व्हावा. आत एक दिवा असावा आणि त्याचे बटण बाहेर असावे. अंधारात चाचपडत, वाकून, वरच्या पायरीवर कपाळ आपटून घेत जी कोठी वापरावी लागते, ती चार दिवसांत पुन्हा अडगळीची जागा होते.

कोठीत काय ठेवावे याविषयी दोन शब्द. धान्य कडक उन्हात वाळवून, निववून, मगच पिंपात भरावे; ऊन धान्य झाकणाखाली कोंडले तर आतल्या आत घाम सुटतो. हे काम पावसाळ्याआधी उरकावे, आणि एकदा पाऊस लागला की मोठे पिंप रोज न उघडता आठवड्याचे धान्य लहान डब्यात काढून घ्यावे. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, डाळींना एरंडेलाचा हात लावावा. या आपल्या आज्यांच्या युक्त्या आजही चालतात. त्यांच्याच काळापासून चालत आलेल्या पाऱ्याच्या गोळ्या मात्र धान्यात घालू नयेत, कारण पारा हे विष आहे. गोदामात धान्याला धुरी देण्यासाठी वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नयेत. त्यांतून निघणारा वायू शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसाचा प्राण घेऊ शकतो.

बटाट्याला अंधार मानवतो. उजेडात तो हिरवा पडतो आणि त्यात कडवट विषारी द्रव्य वाढते. कांद्याला कोरडी, खेळती हवा लागते. नाशिककडील कांदाचाळ पाहावी. ती जमिनीपासून उचललेली असते आणि खालून व बाजूंनी तिच्यात वारा खेळतो. त्याच न्यायाने कांदे जाळीच्या टोपलीत, दाराजवळ आणि बटाट्यांपासून दूर ठेवावेत.

शेवटची गोष्ट शिस्तीची. प्रत्येक डब्यावर नाव आणि भरल्याची तारीख असावी, नवे मागे आणि जुने पुढे असावे. दाराच्या आतल्या बाजूला एक पाटी टांगावी आणि संपत आलेला जिन्नस तिच्यावर लिहावा. ही पाटी घरातल्या प्रत्येकाने वाचावी आणि प्रत्येकाने लिहावी. तसे झाले, म्हणजे घरात काय आहे आणि काय नाही याचे ओझे एकाच डोक्यावर राहत नाही.

आज मोठ्या शहरांत हवा तो जिन्नस काही मिनिटांत दाराशी येतो, मग साठा हवा कशाला, असे कोणी म्हणेल. २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली, त्या रात्री दुकानांपुढे ज्या रांगा लागल्या, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ज्या घरात महिन्याचे धान्य होते, त्या घराला त्या रात्री झोप आली. आणि शेजाऱ्याला पायलीभर तांदूळ देता आला, तोही अशाच घरांना.

अडगळ आणि कोठार यांत जागेचा फरक नसतो. आत काय आहे हे ज्याचे त्याला ठाऊक असले, की ते कोठार. ठाऊक नसले, की ती अडगळ. प्रत्येक घराच्या जिन्याने एवढी जागा आपल्याला फुकट देऊन ठेवलेली आहे. आज सायंकाळी तिच्यात एकदा दिवा घेऊन डोकावून पाहावे.