प्रत्येक चाचणीला कोरी पाटी
(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



‘घटक चाचणी’ हा शब्द आपणां सर्वांना शाळेने दिला. चेन्नईतील ज्या सॉफ्टवेअर-व्यवसायात मी आहे, तेथेही तो रोजचाच आहे. मात्र तेथे परीक्षा होते ती प्रोग्रॅमच्या एकेका लहान भागाची. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा यांनी जावा भाषेसाठी ‘जेयुनिट’ हे साधन रचले आणि या चाचण्यांचा प्रघात दूरवर रुजला.

अशा चाचणीसाठी खऱ्या नोंदींना हात लावीत नाहीत. संगणकाच्या मेमरीतच तात्पुरता डेटाबेस उभारतात. तो डिस्कवर लिहावा लागत नाही, म्हणून जलद चालतो. एसक्यूलाइटसारख्या प्रणालीत जोडणी मिटताच तो नाहीसाही होतो. या शेवटच्या गुणावर विसंबण्यातच धोका आहे. चाचण्या एकामागून एक चालत असताना जोडणी उघडीच राहिली, तर पहिलीने लिहिलेले दुसरीला दिसते.

निकालपत्रकाचे उदाहरण घेऊ. पहिली चाचणी एका विद्यार्थ्याचे गुण हाताने नोंदवते. दुसरीत त्याच विद्यार्थ्याचे गुण फाइलमधून आणायचे आहेत. पण आणणारा भाग बिघडलेला असून तो काहीच लिहीत नाही. तरीही आधीची नोंद जागेवर असल्यामुळे चाचणी उत्तीर्ण ठरते! खोट्या नापासाने आपला तासभर वाया जातो. खोटा पास मात्र एखाद्या मुलाच्या गुणपत्रिकेपर्यंत पोहोचू शकतो.

उपाय तीन आहेत. प्रत्येक चाचणीला स्वतंत्र डेटाबेस द्यावा. किंवा चाचणीतील सारे व्यवहार शेवटी मागे घ्यावेत. किंवा सर्व तक्ते रिकामे करून आरंभीच्या नोंदी पुन्हा भराव्यात. चाचणीखालचा प्रोग्रॅम स्वतःच व्यवहार कायम करीत असेल, तर दुसरा उपाय लंगडा पडतो. तिसरा योजल्यास सफाई चाचणीच्या आरंभीच करणे श्रेयस्कर. कारण आधीची चाचणी मध्येच कोसळली, तर तिच्या अखेरची सफाई राहून जाण्याचा संभव असतो. चेन्नईत पहाटे दारापुढे कोलम रेखतात, तेव्हाही आधी अंगण झाडून पाणी शिंपडतात आणि मगच तांदळाच्या पिठाची पहिली रेघ ओढतात. आपल्या सडा-रांगोळीचा क्रमही हाच.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. पुसण्याची आज्ञा चाचणीच्याच डेटाबेसकडे जात आहे, याची खात्री आधी करावी. शाळेत पाटी रोज पुसली जाते. जनरल रजिस्टर मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपले जाते. आज साठ वर्षांनंतरही आपल्यापैकी प्रत्येकाचे नाव त्यात सापडते. आधीच्या मुलाचे उत्तर पाटीवर तसेच ठेवून पुढच्याची परीक्षा घेता येत नाही, हेही आपल्याला येथल्याच शिक्षकांनी शिकवले. काय पुसावे आणि काय जपावे, हा विवेक माझ्या व्यवसायाला रोज लागतो.