गाडीचे पाणी जाते कुठे?

बदलापूर या नावाची एक गोष्ट आमच्या भागात पूर्वीपासून सांगतात. लांबच्या वाटेने आलेले स्वार इथे दमलेले घोडे बदलीत, म्हणून गावाचे नाव बदलापूर. घोडा पाळणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असे. जनावर रोजच्यापेक्षा जास्त पाणी पिऊ लागले, तर नुसती बादली भरून ठेवून भागत नाही. त्याला झाले आहे काय, ते बघावे लागते. आज त्या वाटेवर घोड्याऐवजी मोटारसायकल आहे. पण नियम तोच आहे, आणि तोच मी आज तुम्हाला सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, मोटारसायकलीला पेट्रोल लागते, ऑइल लागते, पाणी कशाला? बरोबर आहे. राजदूत, जुनी बुलेट, एम-८० या आपल्या ओळखीच्या गाड्या वाऱ्यावरच थंड होत. इंजिनाभोवती पातळ पंख असत, चालत्या गाडीचा वारा त्यांना लागे, की काम झाले. पुढे २००८ साली यामाहाची आर-१५ आली. २०१२ साली पुण्याजवळ चाकणला तयार होणारी ड्यूक २०० आली आणि त्याच साली बजाजची पल्सर २०० एनएस आली. या गाड्यांचे इंजिन पाण्याने थंड होते. तेव्हा नव्या घेतलेल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या हाती खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत. त्यांच्या नळ्या, रबरे आता म्हातारी झाली आहेत. म्हणून हा विषय.

आधी रचना समजून घेऊ. इंजिनाच्या पोटात पाण्याच्या वाटा असतात. एक लहान पंप ते पाणी फिरवतो. तापलेले पाणी रबरी नळीतून पुढच्या रेडिएटरमध्ये जाते, तिथे वारा खाऊन निवते आणि परत येते. गाडी गर्दीत उभी असली, की वाऱ्याचे काम विजेचा पंखा करतो. हे पाणी साधे नसते. त्यात ग्लायकॉल नावाचे द्रव्य आणि गंज रोखणारी औषधे मिसळलेली असतात. त्याला कूलंट म्हणतात. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नव्हे, ती प्रेशर कुकरची शिटी समजा. पुष्कळ झाकणांवर १.१ असा आकडा असतो. बाहेरच्या हवेच्या दाबावर साधारण तेवढाच आणखी दाब ते आत धरून ठेवते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. एवढ्या दाबाखाली ते १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. शिक्षक बंधुभगिनींनी हा धडा वर्गात कुकर दाखवून जरूर शिकवावा.

आता घडलेली हकिकत सांगतो. माझे एक शेजारी बदलापुरात राहतात. त्यांची शाळा मुरबाड तालुक्यात. जाणे-येणे बारवी धरणाच्या रस्त्याने. उल्हासनगरच्या कॅम्पातून त्यांनी अशीच एक जुनी गाडी घेतली. महिनाभरात बाजूच्या बाटलीतले कूलंट कमी दिसू लागले. गुरुजींनी नळाचे पाणी ओतले. आठवड्याने पुन्हा कमी, पुन्हा ओतले. असे दोन महिने चालले. अंबरनाथच्या गर्दीत गाडी अडकली, की तापल्याचा लाल दिवा लागे. गुरुजी गाडी बंद करीत, पाच मिनिटे थांबत आणि पुढे निघत.

एके सकाळी मुलीला मागे बसवून निघाले असता बारवीच्या एका वळणावर मागचे चाक सरकले. वेग कमी होता म्हणून दोघे नुसते खरचटण्यावर सुटले. रस्ता कोरडा होता. मग चाक सरकले का? टायरला हात लावला तर बुळबुळीत! गळणारे कूलंट वाऱ्याने मागे उडून टायरवर बसत होते.

रस्त्यावरच्या एका कारागिराने खाली वाकून पाहिले आणि सांगितले, "पंप गेला. बदलावा लागेल." थेंब पंपावरूनच पडत होता, हे खरे. खर्चाचा आकडा ऐकून गुरुजी गाडी अंबरनाथच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेले. मीही सोबत होतो. मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. म्हणाले, "गुरुजी, तुमचं घर कौलारू आहे का?"

"गावाकडचं आहे."

"मग थेंब पडतो तिथंच कौल फुटलेलं असतं का हो?"

श्रोतेहो, सगळे शहाणपण या एका प्रश्नात आहे. कौल फुटते आढ्यापाशी, पाणी वाशावरून ओघळते आणि थेंब पडतो पार माजघरात. गाडीचेही तेच. त्यातून चालत्या गाडीचा वारा ओघळाला मागे ढकलतो. म्हणून थेंब ही फक्त खूण. मूळ शोधायचे ते खालून वर आणि मागून पुढे.

मिस्त्रींनी इंजिन गार होऊ दिले, धुतले आणि फडक्याने कोरडे केले. मग गुरुजींकडून शाळेतला पांढरा खडू मागून घेतला, कुटून त्याची पूड केली आणि पंपावर, नळ्यांच्या सांध्यांवर, रेडिएटरच्या कडेला भुरभुरली. गाडीखाली वर्तमानपत्र पसरले. गाडी तापवली, बंद केली आणि रात्रभर तशीच ठेवली. गार होताना धातू आणि रबर आकसतात. पुष्कळ गळत्या त्याच वेळी उघड्या पडतात. तापलेल्या इंजिनावर मात्र थेंब जागच्या जागी वाळून जातो आणि मागे फक्त खरपुडीसारखा डाग उरतो.

सकाळी खडूच्या पुडीत एक ओली रेघ स्पष्ट दिसत होती. ती पंपापासून वर चढत थेट पेट्रोलच्या टाकीखाली गेली होती. तिथे इंजिनाच्या डोक्यातून निघणारी नळी होती. तिचे टोक कडक होऊन चिरले होते आणि पट्टी सैल झाली होती. पंपाला काही झाले नव्हते! नवी नळी आणि नवी पट्टी, एवढ्यावर काम भागले.

तुमच्या गाडीत दोष दुसरीकडेही असू शकेल. म्हणून चार जागा सांगून ठेवतो.

पहिली जागा, नळ्यांचे सांधे. ते गुरुजींच्या गोष्टीत आलेच. पट्टी जोर लावून करकचून आवळू नका. रबर कापले जाते.

दुसरी, पंपाखालचे बारीक भोक. ते मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले, की तिथून कूलंट ठिबकून आपल्याला कळवते. काही लोक ते भोक पुटी लावून बुजवतात. असे कधी करू नका. बाहेर जाणारे पाणी मग आत ऑइलमध्ये शिरते. सील बदलणे हाच इलाज.

तिसरी, रेडिएटर. समोरून खडा लागून त्याला बारीक छिद्र पडते. जुने ट्रकवाले अशा वेळी आत हळद टाकीत. ती छिद्रात बसे आणि गाडी मुक्कामाला पोचे. पण मोटारसायकलीच्या रेडिएटरच्या वाटा फार अरुंद. हळद त्या वाटाच बुजवील. रेडिएटर ॲल्युमिनियमचा असला तर साधा डाग चालत नाही. आर्गनचे वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या, नाहीतर बदला.

चौथी जागा दिसत नाही. बाहेर कुठे ओल नाही, तरी पाणी कमी होते. इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो, किंवा ऑइलला दूध घातलेल्या चहाचा रंग येतो. असे झाले तर डोक्याखालचे गॅस्केट फुटल्याचा संशय घ्या आणि गाडी चालू करू नका; टेम्पोत घालून न्या.

आणखी एक. फक्त गर्दीतच बाटली भरून वाहते, असे असेल तर गळती शोधण्याआधी पंखा फिरतो का ते पाहा. झाकणाचे रबरही पाहा. झाकण दाब धरत नसेल, तर पाणी लवकर उकळते आणि बाटलीतून बाहेर येते.

आता धोक्याच्या गोष्टी नीट ऐका. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते कूलंट तोंडावर उडते. निदान तासभर थांबा, नळी दाबून पाहा, ती मऊ आणि गार लागली तरच झाकणाला फडके लावून हळू फिरवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. धातूला तडा जाईल. लाल दिवा लागला, की गाडी बाजूला घ्या. "गाव जवळ आलंय" म्हणून पुढे रेटू नका. त्या दोन मैलांत नळीच्या खर्चाचा इंजिनाचा खर्च होतो.

दुरुस्तीनंतर कूलंट भरताना घाई नको. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच घ्या. रंगावरून ठरवू नका. पाणी मिसळायचे असेल तर डिस्टिल्ड. बोअरच्या जड पाण्याचे क्षार चुन्यासारखे आत बसतात. सावकाश ओता, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करा, बुडबुडे जाऊ द्या. गाडी एकदा तापून गार झाली, की पातळी पुन्हा पाहा. आत अडकलेली हवाही इंजिन तापवते.

आणि काढलेले जुने कूलंट? ते अंगणात, गटारात, उल्हास नदीच्या काठी, कुठेही ओतू नका. पुष्कळ कूलंटमधले ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. कुत्रे ते चाटते, वासरू तोंड घालते, लहान मूल बोट बुडवते. बंद डब्यात भरून, वर नाव लिहून, मुलांचा हात पोचणार नाही असे ठेवा आणि वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये विचारून द्या.

गुरुजींनी पुढच्या सोमवारी वर्गात एक प्रयोग केला. पत्र्याचा डबा, त्यात पाणी, डब्यावर खडूची पूड. गळते कुठे ते मुलांनी शोधायचे. सगळ्यांनी आधी थेंबावर बोट ठेवले. मग एक मुलगी वाकली, ओली रेघ वर वर पाहत गेली आणि म्हणाली, "सर, भोक इथं आहे."

श्रोतेहो, पाणी कमी झाले तर भरा, जरूर भरा. पण भरण्याआधी एकदा विचारा, गेले कुठे?