वैमानिक व्हावें, पण कोणाच्या कंत्राटावर?

गेल्या महिन्यांत एके दिवशीं सकाळीं माझ्या नांदेडच्या घरीं एक जुना विद्यार्थी आला. तो आतां लातूरजवळच्या एका खेड्यांत शेती करतो. चहा घेण्यापूर्वींच त्यानें पिशवींतून सातबाऱ्याचा उतारा काढून माझ्यापुढें ठेवला. त्याचा मुलगा पदार्थविज्ञान व गणित हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण झालेला. त्याला वैमानिक व्हावयाचें आहे. आणि कोणीं तरी सांगितलें कीं, हल्लीं मालवाहू विमानांच्या कंपन्यांत जागाच जागा आहेत. आठ एकर जमीन गहाण टाकण्याचे कागद तयार होते. "गुरुजी, सही करूं कां?" एवढाच त्याचा प्रश्न होता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. विमान चालविणें मला ठाऊक नाहीं. परंतु कंत्राट म्हणजे काय, हें मराठवाड्यांतल्या माणसाला शिकवावें लागत नाहीं. त्या प्रश्नाचें जें उत्तर मीं शोधलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

मालवाहू विमानांच्या कंपन्या दोन प्रकारच्या असतात. कांहीं कंपन्या स्वतःच्या किंवा आपल्याच घराण्याच्या पेढीचा माल वाहतात. ब्लू डार्ट एव्हिएशन १९९६ पासून अशी विमानें चालवीत आहे. दुसऱ्या प्रकारांत विमान व वैमानिक एका कंपनीचे आणि माल दुसऱ्या व्यापाऱ्याचा. जानेवारी २०२३ मध्यें ॲमेझॉननें हैदराबाद येथें आपली हवाई मालवाहतूक सुरू केली, तेव्हां बोइंग ७३७ जातीचीं विमानें चालविण्याचें काम क्विकजेट या कंपनीकडे दिलें. अशा व्यवहारांत वैमानिकाला पगार एक जण देतो. पण तो पगार चालूं राहणें हें दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतें.

हा प्रकार नवा नाहीं. १९४९ सालीं रात्रींची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. थैल्या सरकारच्या, विमानें खासगी कंपन्यांचीं. १९५३ सालीं अशा आठ विमान कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झालें. निझामाच्या राज्यांत, म्हणजे आपल्याच तेव्हांच्या मुलखांत, १९४५ सालीं निघालेली डेक्कन एअरवेज त्यांपैकींच एक होती. त्या वेळीं कंपन्यांबरोबर त्यांचीं माणसेंही सरकारी महामंडळाकडे गेलीं. पुढें तसा आधार मिळाला नाहीं. २००९ सालीं कॅप्टन गोपीनाथ यांनीं नागपूर हेंच केंद्र धरून डेक्कन ३६० ही मालवाहू सेवा काढली. २०११ मध्यें ती थांबली. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील विल्मिंग्टन येथून एबीएक्स एअर ही कंपनी डीएचएलचा माल वाही. नोव्हेंबर २००८ मध्यें डीएचएलनें अमेरिकेंतील अंतर्गत वाहतूक बंद करण्याचें जाहीर केलें, आणि त्या छोट्या गांवांतल्या हजारों नोकऱ्या गेल्या. वैमानिकांच्या कौशल्यांत कांहीं उणें नव्हतें.

नांदेडकरांना याची झळ वेगळ्या रीतीनें ठाऊक आहे. २७ एप्रिल २०१७ रोजीं उडान योजनेंतून नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालें, तेव्हां आम्ही मुलांना घेऊन तें पाहावयास गेलों होतों. पुढें तें बंद पडलें. धावपट्टी जेथें होती तेथेंच राहिली.

आतां खर्चाचा हिशेब पाहूं. व्यावसायिक परवान्यासाठीं २०० तासांचें उड्डाण लागतें. त्या शिक्षणाला आज पन्नास लाख रुपये किंवा त्याहूनही अधिक खर्च येतो. एवढ्यानें नोकरी मिळत नाहीं. ज्या जातीचें विमान चालवावयाचें, तिचें निराळें शिक्षण घ्यावें लागतें आणि त्याला आणखी कांहीं लाख लागतात. पुढें कप्तानाच्या वरच्या परवान्याला १५०० तास हवेत. म्हणून पहिल्या नोकरींत पगारापेक्षांही उड्डाणाचे तास महत्त्वाचे ठरतात. मालवाहू विमान ते देतें, पण बहुधा रात्रीं. पहांटे दोन ते सहा या वेळांत, जेव्हां शरीर झोंप मागत असतें.

कांहीं कंपन्या शिक्षणाचा खर्च स्वतः करतात आणि मोबदल्यांत कांहीं वर्षांचें बंधन लिहून घेतात. हें ऐकून माझा विद्यार्थी चटकन् म्हणाला, "म्हणजे मुकादमाची उचलच कीं!" मला याहून चांगला शब्द सुचला नसता. ऊसतोडीला जाणारा उचल घेतो आणि हंगामभर बांधला जातो. शिवाय २०१७ च्या सरकारी नियमानें सहवैमानिकाला सहा महिने व कप्तानाला एक वर्ष आधीं राजीनाम्याची सूचना द्यावी लागते. कारखाना मध्येंच बंद पडला, तर उचल फिटणार कशी, हें आधीं विचारलें पाहिजे.

म्हणून मीं त्याला चार गोष्टी सांगितल्या. पहिली, कर्ज काढण्यापूर्वीं मुलाची वैमानिकासाठींची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळा किंवा कान आडवा आला, तर जमीन तरी वांचेल. दुसरी, नोकरी पुढें आल्यावर कंपनीला विचारावें कीं, माल कोणाचा, कंत्राट किती वर्षांचें आणि ग्राहक एकच आहे कीं अनेक. तिसरी, कंत्राट तुटल्यास बंधनाचे पैसे कोणीं भरावयाचे, हें कागदावर असावें. चौथी, विमानाची जात पाहावी. बोइंग ७३७ किंवा एअरबस ३२० शिकलेल्याला भारतांत प्रवासी कंपन्यांचींही दारें उघडीं असतात. बोइंग ७५७ मात्र येथें कोणतीही प्रवासी कंपनी चालवीत नाहीं. शेतकरी एकाच पिकावर सारें रान लावीत नाहीं, तोच हा न्याय.

मुलाला नाहीं म्हणा, असें मीं सांगितलें नाहीं. लातूरचीं मुलें पुस्तकें घेऊन रात्ररात्र जागतात. तीं विमान घेऊनही जागतील. पण बापाची आठ एकर जमीन दोन परक्या कंपन्यांमधल्या कराराला टांगलेली नसावी.

त्या दिवशीं त्यानें सही केली नाहीं. उतारा घडी घालून पिशवींत ठेवला आणि वैद्यकीय तपासणी कोठें होते, तें एका कागदावर लिहून घेतलें. गेल्या आठवड्यांत त्याचा फोन आला. मुलाला तपासणीची तारीख मिळाली आहे. निकाल काय लागतो, याची मीही वाट पाहत आहें.