वाचनालय आणि गावातील मुले



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून उन्हाळ्याच्या दिवसांत सायंकाळी एकत्र जमून चार विचार ऐकावेत ही चाल मराठी गावांत रुजली. तिच्याहीपेक्षा जुनी अशी आपली दुसरी एक संस्था आहे, ती म्हणजे सार्वजनिक वाचनालय. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. या संस्था सरकारी हुकुमावर टिकल्या नाहीत. गावातील मंडळींनी वर्गणी काढली, घरची पुस्तके आणून दिली, म्हणून त्या टिकल्या. परंतु त्या उभारल्या गेल्या त्या प्रौढांसाठी. लहान मुलांचा विचार पुष्कळ उशिरा झाला, आणि अजूनही तो पुरता झालेला नाही. म्हणून आजचा विषय मी असा घेतला आहे: वाचनालयाने गावातील मुलांसाठी काय करावे, आणि ते कोणाच्या साहाय्याने करावे?

आपण म्हणाल, आमच्या वाचनालयात बालविभाग आहे. असेल, मी नाही म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी तो एका कपाटात असतो, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ नेमके जेवायला गेलेले असतात. यातील विनोद सोडून द्या. खरी अडचण याहून मोठी आहे. मूल शाळेत असते तेव्हा वाचनालय उघडे असते आणि मूल मोकळे होते तेव्हा ते बंद होण्याच्या बेतात असते. सभासद व्हायचे तर अनामत हवी, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांना ती रक्कम जड वाटते. पण या दोहोंपेक्षा मोठा अडसर आहे तो संकोचाचा. ज्याच्या घरात कोणी कधी वाचनालयाची पायरी चढलेले नाही, त्या मुलाला ती इमारत कचेरीसारखी वाटते. ते दारापर्यंत येते, आत डोकावते आणि परत जाते. आणि आपण निष्कर्ष काढतो की हल्लीच्या मुलांना वाचनाची आवड नाही!

यात पणाला काय लागले आहे तेही पाहा. २०२४ सालच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता आला नाही. शाळेत मूल अक्षरे शिकते. परंतु शिकलेले अक्षर अंगवळणी पडायला आवडीचे पुस्तक हातात यावे लागते, तेही एकदा नव्हे, पुनःपुन्हा. पोहायला शिकवून मुलाला पाण्यापासून दूर ठेवावे, तसे हे आहे. ज्या घरात पुस्तके आहेत त्या घरातील मूल तरून जाईल. ज्या घरात ती नाहीत, त्या मुलाला सार्वजनिक वाचनालयावाचून दुसरा आधार कोणता?

हा प्रश्न पूर्वीही अनेकांना पडला होता, आणि त्यांनी तो कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे युरोपातील नाना देशांतून आलेले मजूर राहत होते. तेथील कार्नेगी ग्रंथालयात १८९८ साली फ्रान्सिस जेन्किन्स ऑलकॉट या बाईंकडे मुलांचा विभाग आला. मजुरांची मुले ग्रंथालयात येत नाहीत, मग ग्रंथालयाने त्यांच्याकडे जावे, हे धोरण त्यांनी धरले. बॉस्टनमधील एका बालसाहाय्यक संस्थेने १८८७ मध्ये ‘घरगुती ग्रंथालया’ची एक युक्ती काढली होती, तीच पुढे येथेही उपयोगात आली. पुस्तकांची एक छोटी पेटी वस्तीतील एखाद्या कुटुंबाच्या घरात ठेवायची. आठवड्यातून एकदा एक स्वयंसेविका तेथे जाई, आळीतील मुले जमवी, गोष्ट सांगे आणि पुस्तके बदलून देई. उन्हाळ्यात हीच पुस्तके क्रीडांगणांवर जात. यात घर त्या कुटुंबाचे, वेळ स्वयंसेविकेचा, मैदान शहराचे आणि पुस्तक तेवढे ग्रंथालयाचे! एकट्या ग्रंथालयाने एवढा पसारा मांडायचा म्हटले असते तर तिजोरी पुरली नसती.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. पोर्तो रिको बेटावरून आलेल्या पुरा बेल्प्रे या तरुणीला १९२१ साली तेथील सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी मिळाली. तिच्या बेटावरची पुष्कळ कुटुंबे त्या शहरात येऊन राहत होती. त्यांची भाषा स्पॅनिश. मुलांना इंग्रजी अर्धेमुर्धे येई. आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी ग्रंथालयाच्या कपाटांत कोठेच नाहीत, हे तिच्या ध्यानी आले. छापील पुस्तकातलीच गोष्ट सांगावी असा तेथील कथाकथनाचा दंडक होता, पण तिला मोकळीक मिळाली. ती दोन्ही भाषांतून गोष्टी सांगू लागली. एवढ्यावर ती थांबली नाही. चर्चमध्ये गेली, वस्तीतील मंडळांत गेली, आयाबायांशी त्यांच्या भाषेत बोलली. जानेवारीत येणारा ‘तीन राजांचा सण’ तिने ग्रंथालयातच साजरा करविला. बाहुल्यांचे खेळ केले. सणाला माणसे आली, आणि आली ती पुन्हा येऊ लागली. मार्टिना नावाचे झुरळ आणि पेरेझ नावाचा उंदीर यांची तिच्या आजीची गोष्ट १९३२ साली पुस्तकरूपाने छापली गेली आणि त्याच ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसली. वस्तीने ग्रंथालयाकडून पुस्तके घेतली आणि ग्रंथालयाला एक पुस्तक दिले. याला मी खरे सहकार्य म्हणतो. ज्यात एकच बाजू देते आणि दुसरी केवळ उपकृत होते, त्याला दानधर्म म्हणावे, सहकार्य म्हणू नये.

परदेशाच्या गोष्टी सांगून मी आपल्याला हिणवतो आहे असे समजू नका. आपल्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात काय केले ते आठवा. १९०६ साली त्यांनी संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. शिकलेला मुलगा पुस्तकांवाचून पुन्हा निरक्षर होतो हे त्यांनी ओळखले, आणि १९१० मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणवून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग ठेवला. खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. परंतु मला त्यातील सर्वांत शहाणपणाची वाटते ती पैशाची व्यवस्था. गावाने एक वाटा जमवावा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यावा आणि तेवढाच दरबारने. तिजोरीतून सगळेच देणे महाराजांना अशक्य होते असे नाही. पण ज्यात आपला वाटा नाही, त्याची राखण कोणी करीत नाही, हे त्या राजाला ठाऊक होते.

आपल्या काळातही अशी कामे झाली आहेत. साने गुरुजींच्या पश्चात प्रकाशभाई मोहाडीकरांनी उभी केलेली कथामाला शाळाशाळांतून मुलांना गोष्टी सांगत गेली. तिला वर्गखोली आणि गोष्ट सांगणारा माणूस यांपलीकडे फारसे काही लागले नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना काढली आणि वाचकांच्या गटांपर्यंत पुस्तकांच्या पेट्या पोचविल्या. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलार गावात २०१७ मध्ये सरकारने ‘पुस्तकांचे गाव’ वसविले. त्यासाठी नवी इमारत बांधली नाही. गावकऱ्यांनी आपल्या घरांच्या ओसऱ्या आणि खोल्या मोकळ्या करून दिल्या, त्यांत पुस्तके आली.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्याजवळ काय नाही याची यादी आपण नेहमी करतो. काय आहे याची यादी एकदा करून पाहू. शाळा आहेत, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. १९७५ पासून अंगणवाड्या आहेत. तेथे अक्षरओळखीच्या आधीची मुले आणि त्यांच्या आया रोज येतात. गणेशोत्सव मंडळे आहेत. त्यांच्याकडे उत्साही तरुण आहेत आणि मांडव, पेट्रोमॅक्स जाऊन आलेले विजेचे दिवे, कर्णे हे सगळे साहित्य आहे. महिला मंडळे आणि बचत गट आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांचा दुपारचा वेळ जाता जात नाही. पुस्तकविक्रेते आहेत, दवाखाने आहेत. १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक आहे. यांतील प्रत्येकाजवळ एक वस्तू आहे आणि एक उणीव आहे. शाळेजवळ मुले आहेत, पण नवी पुस्तके थोडी. निवृत्त गुरुजींजवळ वेळ आहे, पण मुले नाहीत. वाचनालयाजवळ पुस्तके आहेत, पण माणसे अपुरी. आपल्या ग्रंथालय सेवकांचे वेतन किती तुटपुंजे आहे ते येथे सांगण्याची गरज नाही. या उणिवा एकमेकींना जोडल्या तर त्यांतूनच काम उभे राहते.

एक साधा हिशेब मांडतो. वाचनालयाने चाळीस चाळीस पुस्तकांच्या दहा पेट्या कराव्यात. एक शाळेत, एक अंगणवाडीत, एक मंडळाच्या खोलीत, एक दवाखान्यात जेथे आजारी मुलांच्या आया ताटकळत बसतात, एक विणकरांच्या किंवा ऊसतोड मजुरांच्या वस्तीत, अशा त्या दहा ठिकाणी ठेवाव्यात. दर महिन्याला पेटी पुढच्या ठिकाणी सरकावी. दहा महिन्यांत प्रत्येक ठिकाणच्या मुलांसमोरून चारशे पुस्तके जातील. वाचनालयाने खरेदी केली चारशेचीच! मात्र प्रत्येक पेटीमागे एक जबाबदार माणूस हवा आणि आठवड्याचा एक ठरलेला तास हवा. त्या तासाला गोष्ट झालीच पाहिजे. पेटी नुसती ठेवली तर ती फर्निचर होते; गोष्ट सांगितली की ती वाचनालय होते.

पुस्तके हरवतील, फाटतील, हा आक्षेप मी ऐकलेला आहे. हरवतील, आणि फाटतीलही. डॉ. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली, त्यांतले पहिले असे की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. ज्या बालविभागातले एकही पुस्तक वर्षभरात फाटले नाही, त्याच्या कार्यवाहांचे मी अभिनंदन करणार नाही. अंदाजपत्रकात झिजेची रक्कम धरावी आणि मुलांकडून अनामत मागू नये. गावातील एखाद्या सभासदाने दहा मुलांची हमी घ्यावी. जामीन राहायला आपल्याकडे माणसे मिळतात. कर्जाला राहतात, पुस्तकाला का राहणार नाहीत?

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आपल्याला समारंभ आवडतात. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, आणि तो स्तुत्य आहे. पण त्या दिवशी हार, भाषणे आणि छायाचित्रे झाली आणि सोळा तारखेला कपाट बंद राहिले, तर मुलाच्या मनात काय उरेल? सहकार्य म्हणजे निमंत्रणपत्रिकेवर पाच संस्थांची नावे नव्हेत. कोणाची खोली, कोणाचा वार, कोणाची पुस्तके आणि गैरहजेरीत कोण, हे चार प्रश्न कागदावर लिहून ठरविले तर ते सहकार्य. श्रेय कोणाचे हा पाचवा प्रश्न जेथे आधी विचारला जातो, तेथे पहिले चार अनुत्तरितच राहतात.

शेवटी वाचनालयांच्या कार्यकारी मंडळींना एवढेच सांगतो की आपल्या सभासदांचे सरासरी वय काढून पाहा. ते दरवर्षी एका वर्षाने वाढत असेल, तर संस्थेचे आयुष्य किती उरले हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मुलांसाठी काम करणे हा वाचनालयाचा परोपकार नाही. उद्या वर्गणी कोण भरणार, वाद कोण घालणार, या मांडवात बसून वक्त्याची चूक कोण काढणार, याची ती तरतूद आहे. रंगनाथनांच्या शेवटच्या सूत्राप्रमाणे ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. आणि वाढ ही नेहमी लहानांपासूनच सुरू होते.

आता सुट्टीचे दिवस आहेत. शाळांच्या खोल्या रिकाम्या आहेत, मुले उन्हातान्हात हिंडत आहेत. पुढच्या आठवड्यात या सभेतील दहा जणांनी वाचनालयात जाऊन एकेका पेटीची जबाबदारी मागितली, तर माझ्या आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी मानीन.