पाहणाराही साक्षीदार असतो
(राजूर, ता. भोकरदन, जि. जालना येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



वकील बोलावयास उभा राहिला म्हणजे तो कलमे सांगणार, अशी आपली अपेक्षा असते. ती मी सांगणारच आहे. परंतु तत्पूर्वी एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. युद्धाची आणि कत्तलीची छायाचित्रे आज राजूरसारख्या गावातही घरोघर, मुलाबाळांच्या हातातील मोबाईलवर येऊन पोहोचतात. ती पाहून आपल्या मनाचे काय होते, ती टिपणाऱ्याच्या मनाचे काय होते, आणि पाहून झाल्यावर आपल्यावर कोणते कर्तव्य येऊन पडते, हा तो विषय होय.

१९७१ सालचे बांगलादेशचे युद्ध घ्या. किशोर पारेख हे भारतीय छायाचित्रकार कोणत्याही वृत्तपत्राने पाठविले नसताना केवळ स्वतःच्या निश्चयाने तेथे गेले. त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९७२ साली निघाले. त्यात एक सैनिक एका गावकऱ्याच्या लुंगीत डोकावून पाहत असल्याचे चित्र आहे. तो सैनिक भारतीय असून लपविलेल्या शस्त्राचा शोध घेत आहे. परंतु पुढे हेच चित्र, पाकिस्तानी सैनिक त्या माणसाचा धर्म तपासत आहे, अशा सांगण्यासह सर्वत्र पसरले. चित्रातील एक रेषाही बदलली नाही. बदलला तो खालचा मजकूर, आणि त्यासरशी पाहणाऱ्याच्या संतापाचे लक्ष्यही बदलले. पाकिस्तानी सैन्याने त्या वर्षी केलेले अत्याचार खरे होते. मात्र खऱ्या अत्याचाराला खोट्या पुराव्याचा आधार दिला, की खरी फिर्यादसुद्धा दुबळी होते, हे न्यायालयात रोज उभे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

त्याच युद्धाची दुसरी घटना अधिक कठीण आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. १८ डिसेंबरला तेथील एका मैदानात, पाकिस्तानचे साथीदार म्हणजे रझाकार असल्याच्या संशयावरून पकडलेल्या काही बंदिवानांना जमावासमोर संगिनींनी भोसकून मारण्यात आले. रझाकार हा शब्द मराठवाड्यातील वृद्धांच्या कानांना परका नाही. हे रझाकार निराळे, पण त्या शब्दाने पेटणारा क्रोध तोच. ज्यांना मारले त्यांचा खटला चालला नव्हता. तेथे जमलेल्या परदेशी छायाचित्रकारांपैकी काहींना वाटले की, हा वध कॅमेऱ्यापुढे दाखविण्यासाठीच होत आहे. ते निघून गेले. हॉर्स्ट फास व मिशेल लॉरां हे दोघे थांबले आणि त्यांनी सर्व प्रकार टिपला. त्या छायाचित्रांना १९७२ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. जे निघून गेले त्यांनी वधाला प्रेक्षक मिळू दिला नाही. जे थांबले त्यांच्यामुळे विजेत्यांच्या बाजूचा गुन्हाही जगाला नाकारता आला नाही. यांतील एकालाही दोषी ठरविण्यास माझे मन धजत नाही. मात्र दोन्ही पक्षांना तो प्रसंग जन्मभर वाहावा लागला असेल, एवढे कोणीही जाणेल.

हे ओझे मोजले गेले आहे. मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी २००२ साली १४० युद्धपत्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत छायाचित्रकारही होते. आयुष्यात केव्हा ना केव्हा मानसिक आघाताचा विकार जडलेल्यांचे प्रमाण त्यांत शेकडा सुमारे २९ आढळले. पुढे २०१४ साली त्यांनी वृत्तकचेरीत बसून हिंसेची चित्रे तपासणाऱ्यांचाही अभ्यास केला. एका बैठकीत चित्रे किती वेळ पाहिली, यापेक्षा ती किती वारंवार पाहिली, याचा त्रासाशी अधिक संबंध दिसला. मातांनो, दिवसातून वीस वेळा मोबाईल उघडणाऱ्या मुलाविषयी हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या स्वतःच्या जखमेकडे येतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील माता, कन्या व दोन पुत्र यांची हत्या झाली. त्यांच्या मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. ती पाहून माणसे रस्त्यावर आली व दडपू पाहणारी वार्ता देशभर पोहोचली, हे खरे. पण त्याच छायाचित्रांत आपल्या एका भगिनीची व कन्येची विटंबना पुन्हा पुन्हा लोकांच्या डोळ्यांपुढे मांडली गेली, हेही तितकेच खरे. पुरावा आवश्यक होता. प्रदर्शन आवश्यक होते काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची आठवण होते. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने ही दृश्ये त्यापूर्वी पाहिलीच नसतील, हे त्यांच्या बुद्धीला मान्य होईना. त्यांनी पुढे मांडला तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला तंटा: संघाचे बहुमत युद्धाच्या बाजूने असता सिद्धार्थाने विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून देशत्याग पत्करला. दृश्याने मन हेलावते, पण ते हेलावणे ओसरते. सर्वांसमक्ष नकार देऊन त्याचे परिणाम भोगणे, हे आचरण टिकते.

म्हणून माझे आपणांस सांगणे असे. अत्याचाराचे चित्र आपल्या हाती आले, तर स्वतःला प्रेक्षक मानू नका, साक्षीदार माना. ते कोठले, केव्हाचे व कोणी काढले, हे कळल्यावाचून पुढे धाडू नका. ते आपणच काढले असेल, तर मूळ फाईल व तो मोबाईल जपून ठेवा. वेळ व स्थळ लिहून ठेवा आणि पोलिसांत फिर्याद देताना त्याचा उल्लेख करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यास प्रमाणपत्र जोडावे लागते. हातोहात फिरलेल्या प्रतीच्या बाबतीत ते मिळविणे दुर्घट होते. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रीची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ अन्वये गुन्हा आहे, आणि मृत्यूनंतरही तिची प्रतिष्ठा जपलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे.

आणि घरातील मूल असे चित्र पाहून गप्प झाले, तर त्याला रागावू नका. त्याला जवळ घ्या, काय घडले ते खरे तेवढेच सांगा, आणि अशा प्रसंगी आपण कोणाच्या बाजूने उभे राहतो, हे त्याला आपल्या वागणुकीतून दिसू द्या.

जय भीम!